समासातले प्रश्नचिन्ह

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली एक दुपार अजून माझ्या मनातून जात नाही. माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि शिक्षणासाठी कोल्हापुरात आमच्याकडेच राहतो. त्या दिवशी त्याची तोंडी परीक्षा होती. आदल्या रात्री तो नीट जेवला नव्हता, आणि सकाळी देवापुढे हात जोडून निघाला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मलाच धास्ती वाटली होती. दुपारी अडीचच्या सुमारास माझ्या फोनवर त्याचा निरोप आला: "मावशी, विषय एंड झाला आज." मी तो तीनदा वाचला. तीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केलेल्या माणसाला शब्द जसा लिहिला आहे तसा वाचण्याची सवय लागलेली असते, आणि त्या वाक्याचा मला एकच अर्थ दिसला, की मुलगा नापास झाला. त्याचा फोन लागेना. शेवटी मी साताऱ्याला बहिणीला कळवले, ती रडू लागली, भावोजी कामावरून घरी आले, आणि संध्याकाळी सहा वाजेपर्यंत दोन घरांत कोणी धड पाणीही प्यायले नाही. सहा वाजता तो हातात पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. परीक्षकांनी त्याचे सर्वांसमोर कौतुक केले होते. "विषय एंड" म्हणजे आता याच्यापुढे बोलण्यासारखे काही उरलेच नाही इतके उत्तम, असा त्याचा अर्थ होता.

मी त्याच्यावर रागावले. सरळ मराठीत सांगता येत नाही का, असे विचारले. त्यावर तो आवाज न चढवता एवढेच म्हणाला, "मावशी, मराठीतच तर सांगितलं." रात्री अंथरुणावर पडल्यावर मला त्याचे म्हणणे पटू लागले. त्या वाक्यात इंग्रजी शब्द एकच होता. बाकीचे शब्द, त्यांचा क्रम, क्रियापदाचे पुल्लिंगी रूप, सगळे मराठीच होते. आमच्या घरीही "विषय संपला" असे म्हणत असत, पण ते वडील माणसांनी वाद तोडण्यासाठी, आणि ते ऐकले की आम्ही मुले उठून जात असू. या मुलांनी तेच शब्द उचलून आनंदाच्या जागी ठेवले आहेत. माझ्या वाचनात चूक नव्हती आणि त्याच्या लिहिण्यातही नव्हती, तरी दोन घरांनी एक दुपार सुतकासारखी काढली, कारण मी अर्थ विचारण्याआधीच ठरवून टाकला होता.

माझ्या व्यवसायात असे करण्याची मुभा नसते. मुद्रिते तपासताना ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली तर ती आम्ही लाल शाईने सरळ दुरुस्त करतो, पण जिथे शब्दच अनोळखी असेल किंवा वाक्याचा रोख कळत नसेल, तिथे हात आवरायचा असतो. तिथे शब्दाखाली रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह करायचे आणि लेखकाकडे पाठवायचे. नवशिका मुद्रितशोधक नेमका इथेच फसतो. त्याला जो शब्द ठाऊक नाही तो त्याला चुकीचा वाटतो. मी उमेदवारी करत असताना एका कथेतला "मोटेचा नाडा" हा शब्द पायजम्याच्या नाडीशी जोडून दुरुस्त करायला निघाले होते. आमच्या वृद्ध खिळेजुळाऱ्यांनी मला थांबवले, आणि विहिरीवरच्या मोटेला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा, हे समजावून सांगितले. तो धडा मी छापील कागदापुरता पाळला, घरात मात्र पाळला नाही, याचे मला त्या रात्री फार वाईट वाटले.

म्हणून मी एक वही केली. रात्रीची जेवणे झाल्यावर भाच्याने मला रोज दोन शब्द सांगायचे, आणि मी ते कोशात नोंदवतात तसे लिहायचे: शब्द, त्याचे लिंग, अर्थ, आणि एक वाक्य. पहिले काही दिवस तो संकोचत होता, कारण मी पुढे त्यावरून त्याला बोलेन अशी त्याला शंका असावी. नंतर त्याचे मित्रही अभ्यासाला आले की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून शब्द सांगू लागले, आणि अर्थावरून त्यांचे आपसांत वादही होऊ लागले.

त्या वहीने मला पहिली गोष्ट शिकवली ती क्रियापदांविषयी. आपली भाषा काही थोड्या क्रियापदांवर केवढा भार टाकते हे मी इतकी वर्षे व्याकरण तपासूनही नीट पाहिले नव्हते. आपण हाक मारतो, उडी मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, फेरी मारतो, शाळेला दांडी मारतो. यांपैकी कशातही कोणाला मारलेले नसते. "कल्टी मारणे" हा पळ काढण्यासाठीचा शब्द याच रांगेत येऊन बसला आहे, आणि तो स्त्रीलिंगी का, असे विचारल्यावर मुलांना सांगता आले नाही, पण "कल्टी मारला" असे त्यांच्यापैकी एकही जण चुकूनही म्हणणार नाही. तसेच "खाणे". मार खाणे, शिव्या खाणे, पैसे खाणे, डोके खाणे, भाव खाणे. चित्रीकरणाच्या धंद्यातला "फुटेज" हा शब्द मराठी मुलांच्या हाती आला तेव्हा त्यांनी "फुटेज खाणे" असे केले. चारचौघांत सगळ्यांचे लक्ष आपल्याकडेच ओढून घेणाऱ्याला हा शब्दप्रयोग लावतात. इंग्रजीत फुटेज कोणी खात नाही. "भाव खाणे" ज्या भाषेत आधीपासून होते, त्याच भाषेच्या माणसाला हे सुचू शकते. "लोड घेऊ नको" हेही तसेच आहे: ओझे परके असले तरी मनावर घेणे, जीवाला लावून घेणे ही रीत आपली आहे. आणि "गंडणे" या शब्दाचे "गंडवणे" करताना ही मुले पडणे-पाडवणे असे काहीतरी न करता फसणे-फसवणे या वळणाने बरोबर जातात. ज्यांना मराठी येत नाही अशी आपण तक्रार करतो, त्यांच्या जिभेवर मराठीची प्रयोजक रूपे न शिकवता बसलेली आहेत.

एका रात्री आमच्या आईसमोर हा उद्योग चालला होता. आई त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि तिचे माहेर पन्हाळ्याच्या बाजूचे. भाचा म्हणाला, "आज कॉलेजात मोठा राडा झाला." आईने काळजीने विचारले, "एवढा पाऊस झाला तिकडं?" आमच्याकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात राडा म्हणजे चिखल, पावसाने अंगणाचा राडा झाला, गुरांनी गोठ्यात राडा केला, असे म्हणतात. भाच्याला राडा म्हणजे हाणामारी, एवढेच ठाऊक होते. मग आई बराच वेळ चिखलाविषयी बोलत राहिली. रोपलावणीच्या वेळचा चिखल वेगळा, वाटेवरचा राडा वेगळा, आणि माणसे एकमेकांच्या अंगावर धावून गेली की त्याला तिच्या माहेरी काय म्हणत, हेही तिने सांगितले. भाचा लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी तोच म्हणाला, की मारामारी झाल्यावरही सगळे तुडवल्यासारखेच दिसते, म्हणजे शब्द बरोबर आहे. ही व्युत्पत्ती खरी की नाही हे मी सांगू शकणार नाही, परंतु आजी आणि नातू एका शब्दाच्या दोन टोकांना धरून पाऊण तास बोलत बसले, हे मी त्या घरात बऱ्याच वर्षांनी पाहिले.

कोल्हापुरात एक गोष्ट आणखी आहे. इथे तरुणांची बोली आणि गावची बोली यांच्यातली सीमा फार पुसट आहे. "नाद खुळा" हे कोणा तरुणाने म्हटले तर ती टोळक्याची भाषा, आणि त्याच्या चुलत्याने म्हटले तर ती कोल्हापुरी बोली, असे आपण ठरवतो. "नाद" हा शब्दच मुळी किती सुरेख आहे. ध्वनीही तोच आणि वेडही तोच. माझ्या शाळेत "लई" म्हटले की बाई हातावर पट्टी मारत आणि "खूप" असे दहा वेळा म्हणायला लावत. आज तेच "लई भारी" रिक्षांच्या पाठीवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि मुलांच्या सदऱ्यांवर अभिमानाने छापलेले दिसते, आणि मी स्वतः ते जाहिरातींच्या मुद्रितांत अनेकदा तपासून पुढे पाठवले आहे. मुली एकमेकींना "भावा" म्हणतात यावरून आमच्या शेजारच्या काकूंना फार त्रास होतो. पण कोल्हापूरकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या "मी आलो", "मी जातो" असेच म्हणत आल्या आहेत. लग्न होऊन इकडे आलेल्या पुण्याकडच्या सुना पहिल्यांदा हे ऐकतात तेव्हा त्या दचकतात, आणि वर्षभरात त्यांच्याही तोंडी ते बसते. काकू स्वतः दारातून निरोप घेताना "येतो हं" असेच म्हणतात. मग त्या मुलींच्या "भावा"ने काय बिघडले?

प्रत्येक पिढीला असे वाटते की भाषा आपल्या हातून सुस्थितीत निघाली आणि पुढच्यांनी ती मोडली. माझे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. त्यांची पोस्टकार्डे माझ्याकडे आहेत. त्यांत "कांहीं", "नांव", "घरीं", "मी येतों" असे सगळे अनुस्वार मोत्यासारखे जागच्या जागी आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली, आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार लेखनातून गेले. माझे वडील माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असल्यामुळे त्यांनी नवे नियम ताबडतोब उचलले, आणि त्यावरून बाप-लेकांत जो अबोला धरला गेला तो एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत टिकला. आजोबांचे म्हणणे असे की तो टिंब केवळ शोभेचा नाही, त्यावरून विभक्ती कळते, पुरुष कळतो, शब्दाचे मूळ कळते, आणि तो काढणारा माणूस भाषेचा वंशवृक्ष पुसून टाकतो. व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबर होते. वडीलही बरोबर होते, कारण जो उच्चार कोणी करतच नाही त्याचा टिंब मुलांकडून घोकून घेण्यात त्यांना अर्थ दिसत नव्हता. मी नव्या नियमांवर वाढले आणि आयुष्यभर त्यांच्या आधारे पोट भरले. आजोबांच्या दृष्टीने पाहिले तर मी ज्या भाषेची राखण करत बसले ती आधीच मोडलेली भाषा होती.

दोन पिढ्यांमधल्या शब्दांच्या दरीविषयी विचार करताना मला नेहमी १९७२ साल आठवते. त्या वर्षी नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. ढसाळ तेव्हा तेवीस वर्षांचे होते, आणि कामाठीपुऱ्याच्या आसपासच्या वस्तीतले शब्द त्यांच्या कवितेत जसेच्या तसे आले होते. प्रस्तावना लिहायची होती विजय तेंडुलकरांना. ते वयाने वीसेक वर्षांनी मोठे, रंगभूमीवर नाव झालेले, आणि मराठी गद्यावर त्यांची हुकमत सर्वमान्य होती. आपल्याला यांतले अनेक शब्द कळत नाहीत हे त्यांनी लपवले नाही. त्यांनी ते शब्द कवीलाच विचारले, त्याच्याबरोबर त्या वस्तीत फिरून आले, आणि हे सगळे प्रस्तावनेतही सांगितले. मी ती प्रस्तावना पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तिच्यातले धाडस दिसले नव्हते. आता दिसते. मराठीतल्या मोठ्या लेखकाने आपल्याच भाषेतल्या शब्दांचा अर्थ एका तरुण मुलाला विचारणे, आणि विचारल्याचे लिहून ठेवणे, ही साधी गोष्ट नाही. तेंडुलकरांनी त्या कवितांच्या समासात प्रश्नचिन्हे केली, लाल शाई वापरली नाही. त्यांनी ती वापरली असती तर त्यात ढसाळांचे नुकसान किती झाले असते कोण जाणे, पण मराठी वाचकांचे नक्कीच झाले असते.

वहीतले सगळेच शब्द मला आवडले असे मात्र नाही, आणि हे मी भाच्यालाही सांगितले आहे. फोनवरून थेट येणारे जे इंग्रजी शब्द आहेत, रिझ, डेलुलु, ऑरा यांसारखे, त्यांच्याशी माझे अजून जमलेले नाही. "रिझ" हा ऑक्सफर्डने २०२३ सालचा शब्द म्हणून निवडला होता; समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी, असा त्याचा अर्थ. त्याला नवा शब्द म्हणून माझी हरकत नाही. हरकत अशी की हे शब्द तयार कपड्यांसारखे येतात, लंडनच्या मुलाच्या अंगावर जसे तसेच कोल्हापूरच्या मुलाच्या अंगावर, कुठे उसवून शिवलेले नसतात. "नाद खुळा" म्हणणारा मुलगा कुठला, हे ऐकताक्षणी कळते. "रिझ" म्हणणाऱ्याचे गाव कळत नाही. "क्रिंज" या शब्दाला मात्र मुलांनी आपल्याकडे ओढले आहे असे दिसते, कारण ते "क्रिंज वाटतं" असे म्हणतात, आणि लाज वाटते, कसेसेच वाटते, परके वाटते या आपल्या सगळ्या "वाटण्यां"मध्ये तो शब्द हळूहळू मिसळू लागला आहे. तो टिकेल असा माझा अंदाज आहे.

काही शब्दांपुढे मी प्रश्नचिन्ह करणार नाही; ते मी खोडणारच. मुलींना उद्देशून वापरले जाणारे "आयटम" आणि "माल" हे शब्द भाच्याच्या एका मित्राने वहीसाठी सहज सांगितले, तेव्हा मी पेन खाली ठेवले. हे शब्द या पिढीचे नाहीत. माझ्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर उभी राहणारी मुलेही हेच म्हणत, आणि आम्ही मैत्रिणी मान खाली घालून, वह्या छातीशी धरून तिथून भराभर निघून जात असू. मी त्या मुलाला हे सांगितले, तेव्हा तो गप्प झाला. त्याला अर्थ माहीत होता; तो शब्द ऐकणाऱ्या बाजूला उभे राहिल्यावर कसे वाटते, हे त्याला कोणी आजवर सांगितले नव्हते. त्या शब्दांसाठी नव्या पिढीला दोष देणे मला खोटेपणाचे वाटते, कारण ते आमच्याच पिढीने पुढे दिले आहेत.

जुने शब्द नव्या शब्दांमुळे मरतात, ही समजूतही वहीमुळे माझ्यापुरती संपली. मोट गेली म्हणून नाडा गेला. शिंके, उखळ, पाटा-वरवंटा हे घरातून गेले तसे त्यांच्या भोवतीचे शब्दही गेले, आणि त्यांना कोणत्याही तरुणाने हाकलले नाही. ते नव्या मुलांना ठाऊक नाहीत कारण आम्ही ते त्यांच्यासमोर उच्चारले नाहीत. आम्ही त्यांच्याशी बोलतो ते बहुतेक वेळा सूचनांच्या भाषेत: जेवलास का, अभ्यास झाला का, दिवा मालव. एवढ्या तुटपुंज्या शब्दांत कोणाला भाषेची गोडी लागावी? माझ्या लहानपणी वडिलांना आम्ही "अहो अण्णा" म्हणत असू आणि त्यांच्यासमोर बसत नसू. भाचा आपल्या वडिलांना "ए बाबा" म्हणतो आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून बोलतो. इतकी जवळीक असूनही त्या दोघांत दिवसाकाठी दहा वाक्येच होत असतील, तर ती उणीव "अहो" गेल्याची नाही.

दिवाळीच्या सुमारास भाच्याने वही उलटी केली आणि मागच्या पानापासून तो माझे शब्द लिहू लागला. आईच्या आणि माझ्या बोलण्यात येणारे, त्याला न कळलेले शब्द तो आधी फोनमध्ये टिपून ठेवतो आणि रात्री विचारतो. "शिळोप्याच्या गप्पा" हा शब्द त्याला फार आवडला. दिवसभराची कामे आटोपल्यावर, ऊन उतरल्यावर, काही साधायचे नसताना माणसे बोलत बसतात त्या गप्पा, असे मी सांगितले, तेव्हा त्याने "म्हणजे कट्ट्यावरच्या" असे म्हणून तसेच लिहून घेतले. आतापर्यंत त्याच्या बाजूने एकोणचाळीस शब्द झाले आहेत. अर्थ तो स्वतःच्या शब्दांत लिहितो, मी ते तपासत नाही.

परवा रात्री मी वही सहज उघडली. शेवटची नोंद त्या दिवशी दुपारची असावी. आई भाकरी करत असताना तो ओट्यापाशी उभा होता, तेव्हा ती मला म्हणाली होती, की हल्ली कोणी काही निगुतीने करत नाही. त्याने लिहिले होते: "निगूतीनं : घाई न करता, मन लावून, वाया न घालवता. उदा. आज्जी भाकरी निगूतीनं थापते." त्याने दिलेल्या अर्थात एका शब्दाचीही भर घालण्याजोगी जागा नव्हती. लेखनात मात्र दोन्ही ठिकाणी "गू" दीर्घ पडला होता. सवयीने माझा हात लाल पेनाकडे गेला. मग मी तो बाजूला ठेवला, शिसपेन्सिलीने शब्दाखाली बारीक रेघ ओढली, समासात एक प्रश्नचिन्ह केले आणि वही त्याच्या टेबलावर ठेवून दिली.

सकाळी तो महाविद्यालयात गेल्यावर पाहिले, तर त्या प्रश्नचिन्हाच्या खाली त्याच्या अक्षरात लिहिले होते: "ऱ्हस्व? का?"